बगीच्यात चालतं नाटक करायचंय? नागपूरवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दोन हिवाळे झाले, आम्ही एका सार्वजनिक बगीच्यात असं नाटक करून राहिलो ज्यात प्रेक्षक खुर्चीवर बसत नाही तर नाटकाच्या मागं मागं चालतो. तेव्हापासून फोनवर तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाचं लिहून टाकतो. आम्ही काही मोठे तज्ज्ञ नाही, हौशी लोक आहोत, दिवसा नोकरी अन् संध्याकाळी तालीम. पण चुका भरपूर करून झाल्यात, त्या तरी तुमच्या कामी येतील.

म्हणजे पथनाट्यच ना हे?

नाही हो. पथनाट्यात नट येतो, गोल करतो, डफ वाजवतो, लोक जमतात, वीस मिनिटात खेळ खतम. इथं गोष्ट बगीच्याच्या पाच-सात ठिकाणी वाटलेली असते. गेटपाशी एक प्रवेश, मग सगळे चालत कारंज्यापाशी, मग वडाखाली, मग तिकडं घसरगुंडीच्या मागं. बगीचा हाच सेट अन् चालणं हा नाटकाचाच भाग. हे शेवटचं वाक्य डोक्यात बसलं नाही तर पुढचं काहीच जमत नाही, आमचं पहिल्या वर्षी ह्याच्यापायीच फसलं होतं, ते खाली सांगतो.

नागपुरात कोण पाहील असलं? लोकांना सवय नाही.

सवय नाही कशी? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारी-महालाकडं जाऊन पाहा. काळी मारबत, पिवळी मारबत, बडगे असे मोठाले पुतळे, अन् हजारो माणूस त्यांच्यासोबत गल्लीगल्लीतून चालून राहिला, थांबून राहिला, ओरडून राहिला. ते काय आहे मग? झाडीपट्टीत, म्हणजे तिकडं पूर्व विदर्भात, लोकनाट्यं अशीच, दंडार अंगणात होते, खडी गंमत उभ्यानं होते. वाराणसीजवळ रामनगरची रामलीला तर महिनाभर चालते, अयोध्या एकीकडं, लंका दुसरीकडं, प्रेक्षक पात्रांच्या मागं गावभर चालतात, तेही माईकशिवाय. तेव्हा आपल्या लोकांना चालत पाहणं नवीन नाही, तिकीट काढून चालणं नवीन आहे. पहिल्या प्रयोगाला एका काकूंनी विचारलंच, "खुर्ची पण नाही देत अन् पैसे कशाचे घेता?" त्या दुसऱ्या दिवशी बहिणीला घेऊन आल्या, ते वेगळं.

कोणता बगीचा निवडावा?

सगळ्यात सुंदर दिसतो तो नाही. महाराजबाग कोणाला आवडत नाही, पण तिथं प्राणिसंग्रहालय आहे, अंधार पडल्यावर लाईट अन् ढोलकी घेऊन जनावरांच्या शेजारी गोंधळ घालणं बरोबर नाही, आपल्यालाच वाईट वाटलं पाहिजे. मोठ्या तलावाकाठची जागा फोटोत भारी वाटते पण पाण्यावरून येणारा वारा आवाज खाऊन टाकतो अन् काठावर अंधारात साठ माणसं उभी करायची म्हणजे जिवाला घोर.

आम्ही वस्तीतला मध्यम बगीचा घेतला. पाहायचं काय तर वाट निदान दोन मीटर रुंद पाहिजे, मागं भिंत किंवा दाट झाडी असलेल्या तीन-चार जागा पाहिजेत (नटाच्या पाठीमागं काहीतरी असलं की आवाज पुढं येतो), एक-दोन उंच जागा म्हणजे ओटा, पायऱ्या, पाण्याच्या टाकीचा कट्टा, अन् शेजारी लग्नाचं लॉन नको. हे शेवटचं हसण्यावारी नेऊ नका. तुळशीचं लग्न झालं की नागपुरात लॉनवर डीजे सुरू होतो. आमच्या एका करुण प्रवेशात बाप मुलीला निरोप देऊन राहिला अन् भिंतीपलीकडून वरातीचा बेंजो. आता आम्ही तारीख ठरवायच्या आधी कालनिर्णय काढून लग्नाचे मुहूर्त पाहतो.

आणि बगीच्यात संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा नुसतं बसून या, तेही तीन-चार दिवस. आमच्याकडं एका मोठ्या पिंपळावर साळुंक्यांचा मुक्काम आहे. सूर्य बुडायच्या दहा मिनिटं आधीपासून नंतरच्या पंधरा मिनिटांपर्यंत त्या झाडाखाली नट काय, मंत्री भाषण देऊन राहिला तरी ऐकू येणार नाही. सकाळी जागा पाहायला गेलो होतो ना, कळलंच नाही. आता त्या झाडाखालचा प्रवेश शेवटी टाकला, तोवर पाखरं झोपलेली असतात.

परवानगी कोणाकडून?

आधी गेटवरचा बोर्ड वाचा. काही बगीचे महानगरपालिकेचे, काही सुधार प्रन्यासचे, काही अजून कोणाचे, चुकीच्या ऑफिसात पंधरा दिवस चकरा मारल्यावर हे कळलं की लय संताप येतो. ज्याच्या ताब्यात त्याच्या उद्यान विभागाला अर्ज, सोबत बगीच्याचा हातानं काढलेला नकाशा, कुठून कुठं चालणार, किती लोक, किती वाजता, लाईट कुठं. नकाशा जोडला की साहेब लोक प्रश्न कमी विचारतात, हा आमचा अनुभव.

मग पोलीस स्टेशन. मग संहिता. आपल्या राज्यात नाटकाची संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडं पाठवून प्रमाणपत्र घ्यावं लागतं, बगीच्यात केलं म्हणून सुटका नाही, त्याला वेळ लागतो तेव्हा सगळ्यात आधी हेच काम करा. लाऊडस्पीकर रात्री दहा ते सकाळी सहा बंद, हा नियम सगळ्यांना माहीत आहे, पण दवाखाना, शाळा, कोर्ट ह्यांच्या शंभर मीटरच्या आत शांतता क्षेत्र असतं हे विसरलं जातं. बगीच्याला लागून नर्सिंग होम असलं तर माईकचा विचारच सोडा.

अन् डिसेंबरात अर्ज घेऊन पोलिसांकडं जाऊ नका. विधिमंडळाचं अधिवेशन असतं, अख्खं खातं बंदोबस्तात, तुमच्या नाटकाकडं पाहायला कोणाला फुरसत आहे?

मग करायचं कधी?

जानेवारीचा मधला काळ ते फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा. मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत जमीन रात्री नऊलाही गरम वाफा सोडते. पावसाळ्याचं बोलूच नका. दिवाळीनंतर हवा मस्त असते पण तेव्हा राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमी चालू असतात अन् चांगले नट, ढोलकीवाले, लाईटवाले निम्मे झाडीपट्टीच्या सीझनला वडसा-देसाईगंजकडं निघून गेलेले असतात.

वेळेबद्दल एक गोष्ट. मुंबई-पुण्याच्या ग्रुपचं वेळापत्रक उचलू नका. आपल्याकडं सूर्य मुंबईपेक्षा जवळपास अर्धा तास आधी बुडतो, डिसेंबरात साडेपाचच्या मागंपुढं, जानेवारीच्या शेवटी सहाच्या आसपास. आम्ही सुरुवात उजेडात करतो अन् शेवट अंधारात, त्यामुळं मधला संधिप्रकाश फुकटात मिळतो, तसा लाईट कोणत्याच कंपनीचा येत नाही.

नाटक कोणतं घ्यावं? नवीनच लिहावं लागतं का?

लागतं असं नाही पण तीन अंकी दिवाणखाना घेऊ नका, सोफा कुठं कुठं उचलून नेणार. प्रवास असलेली गोष्ट घ्या, कोणीतरी कोणालातरी शोधून राहिलं, कोणीतरी पळून राहिलं, म्हणजे प्रेक्षकाला चालायला कारण मिळतं. दुसऱ्याचं नाटक असेल तर लेखकाची लेखी परवानगी अन् मानधन, ह्यात कंजूषी नको. लेखक गेल्यावर साठ वर्षं हक्क राहतात. गडकरी मास्तर १९१९ मध्ये गेले, तेही आपल्याच सावनेरला, त्यांचं लिखाण केव्हाचं मोकळं झालंय. बाकी लेखकांच्या वारसांना विचारा, बहुतेक लोक आनंदानं देतात.

किती प्रेक्षक घ्यायचे? अन् प्रवेश किती?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा आहे, म्हणून इथं जरा जास्तच लिहितो.

पहिल्या वर्षी आम्ही दीडशे तिकिटं विकली अन् खुश होतो. पहिला प्रवेश झाला, वाटाड्या म्हणाला चला, अन् दीडशे माणसं दोन मीटरच्या वाटेवर निघाली. पुढचे कारंज्यापाशी पोचले, नायिकेनं सुरू केलं, तिचं सगळं स्वगत संपलं तेव्हा शेवटचे लोक अजून बाकड्यांपाशी एकमेकांना विचारून राहिले होते, "काहो, इकडं की तिकडं?" अन् गोष्टीची सगळी किल्ली त्याच स्वगतात होती! शेवटी टाळ्या वाजल्या पण निम्म्यांना कोण कोणाचं काय लागतं तेच कळलं नव्हतं.

मग घरी बसून हिशोब केला. साठ माणसं घ्या. दोन-दोननं चालली तर तीस जोड्या, एका जोडीला साधारण सव्वा मीटर जागा, म्हणजे अडतीस-चाळीस मीटरची शेपूट. बगीच्यात संध्याकाळी घोळक्यातला माणूस सेकंदाला अर्धा-पाऊण मीटर चालतो, साडी, लहान पोट्टं, फोटो काढणं, सगळं धरून. म्हणजे पहिला पोचल्यावर शेवटचा मिनिटभरानं पोचतो. मग जागा धरायला, "जरा सरका ना भाऊ" व्हायला अर्धं मिनिट. ऐंशी मीटर वाट असली तर चालण्याचे दोन मिनिटं वेगळे. एक सरकणं झालं साडेतीन मिनिटांचं. सात जागा म्हणजे सहा वेळा सरकणं, म्हणजे एकवीस मिनिटं. सव्वा तासाच्या नाटकात एकवीस मिनिटं लोक नुसते चालून राहिले, अन् त्या एकवीस मिनिटांसाठी आम्ही एक ओळ लिहिली नव्हती.

दुसऱ्या वर्षी तेच आधी लिहिलं. वाटाडे म्हणून दोन पात्रंच केली, एक पुढं कंदील घेऊन चालतो अन् गावची उणीदुणी सांगतो, एक म्हातारी सगळ्यांच्या मागं चालते अन् रेंगाळणाऱ्यांना शिव्या देते (गोड शिव्या). ती म्हातारी आमची शेपूट. ती दिसल्याशिवाय पुढच्या जागी गोष्ट सुरू करायची नाही. पण शांतताही ठेवायची नाही, म्हणून प्रत्येक प्रवेशाच्या सुरुवातीला दीड-दोन मिनिटांची भरती असते, कोणी दोरी वळून राहिला, कोणी दळताना ओवी म्हणून राहिली, आधी पोचलेल्याला पाहायला मिळतं अन् उशिरा आलेल्याचं काही बुडत नाही. आता साठच्या वर एकही तिकीट नाही. कोणी आमदाराची चिठ्ठी आणली तरी नाही.

दोन घोळके करून तेच प्रवेश दोनदा करायचे, असंही करतात. आम्ही एकदा करून पाहिलं. त्यात सगळे प्रवेश घड्याळाच्या काट्यानं सारखे पाहिजेत. आमचा तिसरा प्रवेश नऊ मिनिटांचा अन् बाकी सहाचे, झालं, दोन्ही घोळके विहिरीपाशी समोरासमोर, लग्नात व्याही भेटावे तसे.

माईक लागतो का?

साठ लोकांना नाही. अर्धगोल करा, लहान मुलं पुढं सतरंजीवर, मग उभे, मग कट्ट्यावर चढलेले. शेवटचा माणूस नटापासून सहा-सात मीटरवर राहिला तर नाटकाचा आवाज पुरतो. नटांना एकच सांगणं, चालता चालता बोलू नका, थांबा, वळा, मग बोला. वरून विमान गेलं तर त्याच्याकडं पाहा सरळ. आमचा एक नट पात्रात राहूनच विमानाला हात दाखवतो अन् ते जाईपर्यंत थांबतो, लोकांना तेच सगळ्यात जास्त आवडतं, त्याला आता भाव चढलाय.

लाईटचं काय? जनरेटर आणावा लागेल?

जनरेटर आणला की आवाज अन् धूर दोन्ही आणले. आम्ही बॅटरीवरचे एलईडी पार (स्टेजचे डब्यासारखे लाईट) भाड्यानं आणतो, प्रत्येक जागी दोन, समोर पिवळसर जिलेटीन म्हणजे रंगीत पारदर्शक कागद लावून, पांढरा लाईट बगीच्यात पोस्टमॉर्टमसारखा दिसतो. लाईट समोरून कमरेच्या उंचीवर ठेवू नका, मागच्या झाडावर राक्षसाएवढी सावली पडते, ती पाहिजे असली तर गोष्ट वेगळी. वाटेवर प्रत्येक वळणाला अन् प्रत्येक पायरीला छोटा दिवा पाहिजेच. वायर वाटेतून आडवी टाकायची नाही, टाकावीच लागली तर वरून रबरी चटई अन् दोन्ही कडा टेपनं बंद.

झाडाला खिळा नाही, तार आवळणं नाही, सुती दोरी, तीही खाली कापड गुंडाळून. अन् लाईट लावायच्या आधी मान वर करून फांद्या पाहा, आग्या मोहोळ असलं तर ती जागा विसरा. त्याच्याखाली झगझगीत लाईट, धूर, मशाल काहीच चालत नाही, माश्या उठल्या तर प्रेक्षकांना दवाखान्यात न्यायची पाळी येते.

बगीच्यात रोज येणाऱ्यांनी विरोध केला तर?

करणारच, बगीचा त्यांचा आहे, आपण पाहुणे. संध्याकाळी फेऱ्या मारणाऱ्या आजोबांची वाट आम्ही अडवत नाही, ते प्रवेशाच्या मधून जातात, जाऊ दे. एक आजोबा रोज सव्वासहाला बरोबर राजाच्या दरबारातून जायचे, चौथ्या दिवशी राजानं मुजरा केला, त्यांनी काठी उचलून मान दिला अन् पुढं गेले. लोकांना वाटलं नाटकातलंच आहे.

पण सगळ्यात मोठा माणूस म्हणजे माळी. आमच्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी माळीकाकांनी चार वाजता नेहमीसारखं हिरवळीला पाणी सोडलं, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं, आम्ही ऑफिसात साहेबाला भेटलो होतो ना. सहा वाजता त्या हिरवळीवर दीडशे जोडी चपला. नायिकेच्या नऊवारीचा काठ चिखलात भिजून वजनदार झाला अन् ती पळायच्या प्रवेशात चालत गेली. अन् काकांची हिरवळ? म्हशी लोळल्यासारखी. दुसऱ्या दिवशी सकाळी तर्री पोहे घेऊन काकांकडं गेलो, माफी मागितली. त्यांनी मग पाण्याचं वेळापत्रक सांगितलं, कोणती हिरवळ नवीन लावली, कुठं बिलकुल पाय ठेवायचा नाही, कुठल्या झाडाची फांदी पोकळ आहे. नंतर आमचे दोन प्रवेश त्यांनीच हलवले, अन् दोन्ही बरोबर हलवले.

ज्यांना चालता येत नाही त्यांनी यायचं नाही का?

यायचं. सगळी वाट एकदा स्वतः व्हीलचेअर ढकलत करून पाहा, तेव्हा कळेल की पेव्हर ब्लॉक कुठं उखडलाय. आम्ही पायऱ्या असलेली जागाच काढून टाकली. दहा फोल्डिंग स्टूल दोन पोट्टे पुढच्या पुढं नेऊन मांडतात, म्हाताऱ्या माणसांना आधी अर्धा मिनिट सोडायचं. पुऱ्या वाटेची लांबी तिकिटावर लिहा, आमची साडेचारशे मीटर आहे, म्हणजे माणूस घरून ठरवून येतो.

तालीम कशी करायची? रोज बगीचा कसा मिळणार?

मिळत नाही. ओळखीच्या गच्चीवर खडूनं वाट आखून करतो. शेवटचे पाच दिवस मात्र बगीच्यातच, त्याच वेळेला. अन् दोन तालमींना प्रेक्षक पाहिजेतच, खोटे का होईना, शेजारचे, ऑफिसचे, कोणीही चाळीस लोक. नटांची तालीम रिकाम्या बगीच्यात होते, सरकण्याची तालीम माणसांशिवाय होत नाही.

पाऊस आला तर?

जानेवारी-फेब्रुवारीत अवकाळी येतो, कधी गारा पण. तिकिटावरच छापा की पाऊस आला तर प्रयोग कोणत्या तारखेला. बगीच्यातल्या शेडमध्ये बसून करायचा प्रयत्न आम्ही केला, नका करू, ना धड हे ना धड ते.

तिकीट किती ठेवावं?

आम्ही दोनशे ठेवतो. पाचशेपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटावर जीएसटी नाही, त्यामुळं तो ताप नाही. साठ लोकांत पैसा सुटत नाही, सांगून ठेवतो, बॅटरी लाईटचं भाडं, बगीच्याचं शुल्क, कपडे, पोह्यांचा खर्च, एवढं निघालं की आम्ही खुश. सलग सहा प्रयोग केले तरच हिशोब बसतो, दोनासाठी एवढी उठाठेव परवडत नाही.

मच्छर, संडास, पाणी?

मच्छर आहेत. गेटवर ओडोमॉसच्या ट्यूब ठेवतो, फॉगिंग मात्र प्रयोगाच्या आधी नको, तासभर वास राहतो अन् नटांचे घसे बसतात. बगीच्यातला संडास प्रयोगाच्या दिवशी उघडा आहे का ते स्वतः जाऊन पाहा, चावी ज्याच्याकडं असते तो माणूस सहाला घरी जातो. थंडी दहा डिग्रीकडं उतरते तेव्हा तिकिटावर "स्वेटर आणा" हेही लिहा.

कुत्रं आलं तर?

येतंच. खायला देऊ नका, मारू पण नका. आमच्याकडचं एक आता शेवटच्या प्रवेशात येऊन नायिकेच्या शेजारी बसतं. त्याच्याकडं कोणी पाहत असलं की ती संवाद जरा लांबवते.

प्रयोग संपल्यावर काय काम राहतं?

लाईट, सतरंज्या, स्टूल मोजून गाडीत. मग सगळ्यांनी ओळीनं टॉर्च घेऊन पूर्ण वाट उलट्या दिशेनं चालायची. कागद, बाटल्या तर दिसतात, पण कपड्यांच्या सेफ्टीपिना गवतात दिसत नाहीत, अन् पहाटे काही आजी-आजोबा त्याच हिरवळीवर दवात अनवाणी चालतात. माळीकाकांनी ह्याच्यावर युक्ती सांगितली, जुन्या स्पीकरचं लोहचुंबक दोरीला बांधून गवतावरून ओढायचं. पहिल्याच रात्री अकरा पिना, दोन खिळे अन् एक किल्ली निघाली. किल्ली कोणाची ते अजून कळलं नाही, गेटवरच्या चौकीदाराकडं लटकवून ठेवली आहे.